आठव्या संताचं नाव

रादोवच्या वरच्या चौकात, जुनी महामारी सरल्यावर नवस फेडायला उभारलेला उंच स्तंभ आहे. माथ्यावर मरियम आणि पायथ्याशी गोलाकार उभे असलेले आठ संत. त्यातल्या सातांची ओळख गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ज्याच्या अंगात बाण रुतलेत तो सेबास्तियान, ज्याच्या पायाशी कुत्रा तो रोख, जिच्या डोक्यावर गुलाबांची माळ ती रोझालिया. संतांचे चेहरे कुणी बघत नाही, हातातली खूण बघतात. आठव्याच्या हातात मात्र काहीच नाही. दोन्ही तळवे पोटापाशी थोडे पुढे आलेले, बोटं निम्मी झडलेली, आणि तीनशे वर्षांच्या पावसाने चेहरा असा धुऊन नेलेला, की हा पुरुष की बाई हेसुद्धा छातीठोकपणे सांगता येऊ नये.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी स्तंभाभोवतीच्या लोखंडी परांचीवरून हाव्रानेक पाथरवटाने खाली वाकून विचारलं, "मग बाई, काय द्यायचं याच्या हातात?"

"गुरुवारी सांगते," खाली उभी असलेली व्लास्ता म्हणाली.

"गुरुवारी नक्की. दगड आणून ठेवलाय. एकदा थंडी धरली की चुना धरत नाही. मग बसा एप्रिलपर्यंत."

व्लास्ता बावन्न वर्षांची, ब्रनोच्या एका वाचनालयात नोकरीला. आठवडाभराची रजा काढून ती वडिलांच्या घरी आली होती. वडील, अलॉइस व्रब्का, मार्चमध्ये गेले. चाळीस वर्षं त्यांनी इथल्या शाळेत इतिहास शिकवला आणि त्याहून जास्त वर्षं दर शनिवारी दहाच्या ठोक्याला लोकांना गावातून फिरवलं. वरच्या चौकातून खालच्या चौकात, कारंज्यातल्या नेप्च्यूनपाशी, तिथून कमानींखालून पुलावरच्या संत नेपोमुकपर्यंत, आणि परत. गावातल्या प्रत्येक दगडाचं मूळ-कूळ त्यांना ठाऊक, असं गाव मानायचं. म्हणूनच पालिकेने जेव्हा आठव्या संताची बोटं नवी करून त्याच्या हातात त्याची हरवलेली खूण परत द्यायचं ठरवलं, तेव्हा पत्र ब्रनोला व्लास्ताकडे आलं. 'आपल्या वडिलांचं याबाबत शेवटचं मत काय होतं, ते त्यांच्या कागदांत पाहून कळवावं. ते म्हणत असतील तेच आम्ही करू.'

शेवटचं वाक्य तिने दोन-तीनदा वाचलं होतं. सात महिन्यांत वडिलांच्या नावाने आलेल्या प्रत्येक पत्राला काहीतरी बंद करून हवं होतं. निवृत्तिवेतन, गॅस, टेलिफोन, वर्तमानपत्र. ती सही करत गेली आणि एकेक गोष्ट बंद होत गेली. हे एकच पत्र असं होतं, ज्यात त्यांना अजून काही विचारलेलं होतं. याचं उत्तर चुकता कामा नये, एवढंच तिने मनाशी धरलं. त्यांच्या नावावर एक चुकीचा दगड कायमचा उभा राहिला असता, तर ते तिला सोसलं नसतं.

चुकीचं त्यांना खपायचंच नाही. फेरीत कुणी हौसेने म्हणालं, की या विहिरीत म्हणे एका राणीने जीव दिला, की व्रब्का मास्तर चालता चालता थांबायचे आणि विचारायचे, "कागद आहे?" कागद नसेल तर राणीही नाही. व्लास्ताने सातवीत असताना निबंधात नेप्च्यूनच्या कारंज्याचं साल चुकवलं, तर गुडघाभर बर्फात तिला कारंज्यापर्यंत पाठवून कोरलेलं साल वाचून यायला लावलं होतं. ती परत येईतो त्यांनी दूध तापवून ठेवलं होतं. पण निबंधावरची लाल रेघ काही पुसली नव्हती.

त्यांच्या कपाटात एकतीस निळ्या वह्या होत्या. एकेका पुतळ्याला एकेक पान. आठव्या संताच्या पानावर उंची, दगडाची जात, कुठे भेग, कुठे शेवाळ, सगळं होतं. 'नाव' या शब्दापुढची जागा कोरी होती. मात्र शेवटच्या वहीच्या मागच्या पानावर तिला एक यादी सापडली. वरती 'आठवा' असं लिहून खाली तेवीस नावं आणि नावांपुढे तारखा.

अपोलेना, ९ फेब्रुवारी १९६६.
वेन्देलिन, २० ऑक्टोबर १९७५.
प्रोकोप, ४ जुलै १९८४.
बार्बोरा, ४ डिसेंबर १९९३.

अशी सगळी. कुठल्या संताचा दिवस कधी, हे इथे स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडरच सांगतं. नऊ फेब्रुवारी अपोलेनाचा, चार डिसेंबर बार्बोराचा. त्या त्या संताच्या दिवशी त्या त्या संताचा विचार करायला बसायचं, ही शिस्त तिला अगदी वडिलांची वाटली. म्हणजे हे तेवीस उमेदवार. आता यातला शेवटी कुणाला कौल दिला, तेवढंच शोधायचं. रात्री ती स्वयंपाकघरात त्यांचा जुना चष्मा नाकावर ठेवून बसली, कारण तिचा ब्रनोलाच राहिला होता, आणि एकेक नाव पारखत गेली. वेन्देलिनपाशी अडली. मेंढपाळांचा संत, पायाशी मेंढी हवीच. इथे पायाशी मेंढी काय, खूरसुद्धा नव्हतं. वडिलांनी हे नाव क्षणभर तरी धरलंच कसं?

मंगळवारी बाजाराचा दिवस. चौकात भाजीच्या गाड्या लागल्या होत्या. स्तंभाच्या सावलीत अपोलेनामावशीचा ठेला. व्लास्ता लहान होती तेव्हापासून कोबी, कांद्याची पात आणि ताजी फुलं तिथेच.

"ये, ये. ऐकलं मी," अपोलेनामावशी तराजू पुसत म्हणाली. "तू म्हणे ठरवणार. त्यात ठरवायचंय काय? ती अपोलेना आहे."

"कशावरून, मावशी?"

"कशावरून काय? तुझ्या बापानं सांगितलंय मला. स्वतः."

व्लास्ताने पिशवी खाली ठेवली. "कधी?"

"सहासष्ट साली. मी नऊ वर्षांची. आई इस्पितळात, बाबा रात्रपाळीला. माझ्या नावाचा दिवस, पोरांना तो वाढदिवसासारखाच, पण कुणाच्या ध्यानात नाही. शाळेत पोरी विचारतायत, काय मिळालं गं तुला. मी आपली म्हणतेय, संध्याकाळी मिळणारंय. तुझा बाप तेव्हा नुकता नोकरीला लागलेला, काडीसारखा, गळ्यात लांबलचक मफलर. शाळा सुटल्यावर मला म्हणाला, चल तुला एक दाखवतो. इथं आणलं आणि म्हणाला, ही तुझी. अपोलेना. हातात पकड होती, पकडीत दात, ते पडलंय. बाकी तीच." तिने कोबीचं एक सडकं पान ओरबाडून टाकलं. "तेव्हापासून दर नऊ फेब्रुवारीला फुलं ठेवते मी. साठ वर्षं होतील. एकदा सणकून ताप होता तरी ठेवलीत. आणि त्या पाथरवटाला सांग, दात जरा मोठा काढ म्हणावं. खालून दिसायला हवा."

व्लास्ताला बरं वाटलं. तारीख जुळत होती. साक्षीदार जिवंत होती. म्हणजे सुरुवातीला त्यांचं मत अपोलेनाचं होतं, पुढे बदललं असेल, असा तिने हिशेब केला आणि पुढच्या नावाचा माग काढायला ती जिना उतरून खालच्या चौकात गेली. तिथे नेप्च्यून त्रिशूळ उगारून उभा होता. त्याचं मधलं टोक कुठल्याशा परीक्षेच्या निकालादिवशी पोरांनी लोंबकळून वाकवलेलं, ते अजून वाकडंच. समोर वेन्देलिनकाकाचं बियरघर. दुपारची गर्दी ओसरली होती.

वेन्देलिनकाका साठीचा, भिंतीसारखा आडवा माणूस. त्याने न विचारताच लसणाचं सूप तिच्यापुढे ठेवलं. "खा आधी. मास्तरांसारखी दिसायला लागलीस, नुसती हाडं."

"काका, आठव्या संताबद्दल बाबा तुम्हाला कधी काही बोलले होते?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यात दोन म्हातारे पत्ते कुटत होते. तो तिच्यासमोर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तो माझा आहे. पण मी कुणाला सांगत नाही. नाहीतर लोकांना वाटायचं मिजास करतोय."

"वीस ऑक्टोबर पंचाहत्तर?"

"तुला कसं ठाऊक?"

"त्यांनी लिहून ठेवलंय."

"लिहून ठेवलंय?" काकाने खांद्यावरचं फडकं काढून आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. "मी बोलताना अडखळायचो गं. वे-वे-वे करायचो, तर पोरं मला बकरी म्हणायची. मास्तरांनी मला वर नेऊन दाखवलं. म्हणाले, वेन्देलिन, हा बघ, गुरंमेंढरं राखणारा, हातात काठी होती. हा बोलत नसे फारसा. बोलायची गरजच पडायची नाही त्याला." मग त्याने तिच्या ताटलीकडे बोट दाखवलं. "पाव बुडवून खा, असा कोरडा काय खातेस."

पाव तिच्या हातातच राहिला. त्यांनी हे नाव कसं धरलं, हे कोडं आता सुटलं होतं. मेंढीचा प्रश्नच नव्हता. ती यादी संतांची नव्हती. ती माणसांची होती.

बियरघरातून बाहेर पडल्यावर ती कमानींखालून चालत राहिली. अग्निशमन दलाच्या कोपऱ्यावर दगडी फ्लोरियान नेहमीसारखा आपल्या बादलीतून एका टीचभर घरावर पाणी ओतत होता. पुलावर नेपोमुकच्या डोक्याभोवतीच्या पाच चांदण्यांपैकी एकीवर कावळा बसला होता. या प्रत्येकासमोर उभं राहून वडिलांनी तिला साल पाठ करायला लावलं होतं. खरं साल, कागदावरचं साल. आणि त्याच माणसाने, तेवीस जणांना, तेवीस वेगवेगळ्या थापा मारल्या होत्या. वर त्यांची नोंदही ठेवली होती. तिला राग आला. मेलेल्या माणसावर रागावून करायचं काय, हे मात्र तिला कळेना. ती पुलावरून परत फिरली आणि चर्चच्या मागच्या अंगणात गेली, कारण यादीतलं आणखी एक नाव तिथेच राहत होतं.

फादर प्रोकोप अक्रोडाच्या झाडाखाली वाकून अक्रोड वेचत होते. सत्तर वर्षांचे, पायांत रबरी बूट.

"बसा," ते म्हणाले. "नाहीतर वेचा. बसून राहणाऱ्याला अक्रोड मिळत नाहीत."

ती वेचायला लागली. काही वेळाने म्हणाली, "फादर, चौऱ्याऐंशी सालच्या चार जुलैला माझ्या बाबांनी तुम्हाला सांगितलं, की आठवा संत प्रोकोप आहे."

"सांगितलं."

"तुम्ही मानलंत?"

फादर कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "प्रोकोपच्या पायाशी सैतान असतो, साखळीला बांधलेला. धडधडीत सैतान. इथं सैतान सोडा, सैतानाची शेपटीसुद्धा नाही. पाद्री आहे मी, एवढं मला शिकवलं होतं."

"मग काही बोलला नाहीत?"

"म्हणालो, आभारी आहे."

व्लास्ता अक्रोड वेचायची थांबली.

"मला इथं येऊन तीन आठवडे झाले होते," ते म्हणाले. "रविवारच्या प्रार्थनेला सात म्हाताऱ्या. रस्त्यावर कुणी नमस्कार घेत नसे. घेणार कसे, नोकऱ्या होत्या प्रत्येकाला, आणि तेव्हाच्या कम्युनिस्ट राज्यात पाद्र्याशी बोललं की त्या जायच्या. माझ्या नावाचा दिवस मलाही आठवला नव्हता. तुमचे वडील चौकात आले, शाळेच्या खिडक्यांसमोर, दुपारी बारा वाजता, आणि माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, हे तुमचे, फादर. मग इतका वेळ त्या दगडाबद्दल बोलत राहिले, की मुख्याध्यापकांना नीट बघता यावं. शरदात त्यांना चौकशीला बोलावलं होतं. तुम्ही लहान होतात."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? गेले, बसले, परत आले." त्यांनी एक अक्रोड बुटाखाली फोडला आणि अर्धा तिला दिला. "आणि तुम्हाला? तुम्हाला कोण म्हणून सांगितलं होतं?"

तिच्या नावाला संत नाही. व्लास्ता ही इथे ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या कथेतली लढणारी बाई. नाव आईने हौसेने ठेवलं. कॅलेंडरात ती तेवीस डिसेंबरला येते. नाताळच्या आदल्या दिवसांत चौकात सणाच्या जेवणासाठी जिवंत कार्प माशांचे हौद लागतात, रांगा लागतात, आणि व्लास्ताच्या नावाचा दिवस त्या गडबडीत बुडून जायचा. आठ वर्षांची असताना रांगेत उभं राहून कंटाळल्यावर तिने वडिलांना विचारलं होतं, की तो रिकाम्या हातांचा कोण? वडिलांनी माशाची पिशवी खाली ठेवली, तिला उचलून कठड्यावर उभं केलं आणि म्हणाले, "मला माहीत नाही, व्लास्ता. खरंच माहीत नाही. बघू या का?"

मग दोघांनी बघितलं होतं. चारी बाजूंनी, बर्फ झाडून, मासा पिशवीत तडफडत असताना. दर वर्षी तेवीस डिसेंबरला एकेक संत घ्यायचा आणि तो का नाही, हे सिद्ध करायचं. कातरीना नाही, कारण चाकाला जागा नाही. आग्नेस नाही, कोकरू कुठे ठेवणार? आई घरी वाट बघून चिडायची. हे सोळाव्या वर्षापर्यंत चाललं. पुढे ती ब्रनोला गेली, आणि नाताळला यायची ती चोवीसच्या दुपारी.

"मला म्हणाले, माहीत नाही," व्लास्ता म्हणाली. "तेव्हा मला वाईट वाटलं होतं."

फादर पुन्हा वाकून अक्रोड वेचू लागले.

"पण नंतर त्यांना कळलं असेल," ती म्हणाली. "पुढची छत्तीस वर्षं ते इथेच होते. काहीतरी सापडलं असेल. मी विचारलं नाही, म्हणून बोलले नसतील."

"सापडलं असतं तर ते कुणाला सांगितलं असतं?"

तिने आणखी एक अक्रोड पिशवीत टाकला. पिशवी भरत आली होती.

"पहाटे तीन वाजतासुद्धा फोन केला असता त्यांनी तुम्हाला," फादर म्हणाले. "धीर कुठं होता त्या माणसाला."

बुधवारी फोन आला तो नगराध्यक्ष बार्बोराबाईंचा. चाळिशीच्या, पायाला भिंगरी लावलेल्या. "काही ठरलं का हो? घाई नाही, पण फलकाचा मजकूर छापायला द्यायचाय. माझं स्वतःचं असं काही म्हणणं नाही. फक्त एक सुचवते, बुरूज छान दिसेल. छोटासा. बार्बोराच्या हातात असतो तसा. पण तुमचे वडील म्हणतील ते."

"चार डिसेंबर त्र्याण्णव," व्लास्ता म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"उद्या बोलू," असं म्हणून व्लास्ताने फोन ठेवला.

तेवीसांतलं एक नाव उचलायचं, की झालं. अपोलेना म्हटलं तरी बिघडत नव्हतं. मावशीची साठ वर्षं खरी झाली असती, वडील शेवटपर्यंत सर्वज्ञ राहिले असते, आणि पाथरवटाने दात मोठा काढला असता. उरलेले बावीस आपापल्या घरी गप्प बसले असते. खरं सांगितलं, तर ज्या माणसाच्या अंत्ययात्रेला सगळं गाव टोप्या काढून उभं होतं, तो सात महिन्यांनी भर सभेत थापाड्या ठरणार. तेही मुलीच्या तोंडून. रात्रभर तिने दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. सकाळी कॉफी घेताना एक गोष्ट मात्र तिला स्वच्छ दिसली. तेवीस जणांना त्यांनी जे दिलं, ते त्यांना हवं होतं म्हणून दिलं. दगडाला त्यांनी कधी काही दिलं नव्हतं. वहीत 'नाव' या शब्दापुढे साठ वर्षांत त्यांच्याच्याने एक अक्षर लिहवलं नव्हतं.

गुरुवारी पाच वाजता पालिकेच्या सभागृहात चाळीसेक माणसं जमली होती. ठिगळाच्या कामासाठी एवढी माणसं येतात, याचं हाव्रानेकला आश्चर्य वाटलं असावं. तो दाराशी टोपी कुरवाळत उभा होता. अपोलेनामावशी पहिल्या रांगेत, चर्चला जायचा कोट घालून. वेन्देलिनकाका मागे, भिंतीला टेकून. फादर खिडकीपाशी. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक गुपचूप समाधान होतं, निकाल आधीच ठाऊक असलेल्या माणसाचं असतं तसं.

व्लास्ता उठली. "माझ्या वडिलांना आठव्या संताचं नाव माहीत नव्हतं," ती म्हणाली. "वह्या मी सगळ्या पाहिल्या. कागद नाही."

"असं कसं?" अपोलेनामावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "मला सांगितलंय त्यानं. अपोलेना आहे ती."

"अपोलेना कशी असेल?" मागून कुणीतरी म्हणालं. "तो मार्तिन आहे. मला सांगितलंय मास्तरांनी."

"मार्तिन घोड्यावर असतो, रे येड्या."

"घोडा पडला म्हणाले."

"अख्खा घोडा पडला?"

"वेन्देलिन आहे तो," वेन्देलिनकाका म्हणाला, आणि सगळ्या माना मागे वळल्या, कारण सभेत त्याने तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तो लाल झाला, पण हटला नाही. "पं-पंचाहत्तर साली दाखवलाय त्यांनी मला."

नगराध्यक्ष बाई हातातल्या कागदाची घडी घालत, उलगडत होत्या. "मला वाटत होतं, की मला एकटीलाच," त्या हळूच म्हणाल्या.

मग एकेक जण बोलू लागला. वर्षं, तारखा, काय थंडी होती, हातात कुठला खाऊ दिला. एका म्हाताऱ्याने सांगितलं, की त्याच्या बायकोला मास्तरांनी सांगितलं होतं. ती आता नाही, पण ती ज्या दिवशी गेली त्या दिवशीही तिने त्या पुतळ्याचं नाव घेतलं होतं. त्यावर सभागृहात कुणी हसलं नाही.

अपोलेनामावशी ताठ बसून ऐकत होती. सगळे थांबल्यावर ती व्लास्ताकडे वळली. "म्हणजे साठ वर्षं मी फुलं कुणाला ठेवली?"

"मला माहीत नाही, मावशी."

"तुझा बाप खोटं बोलला माझ्याशी."

"हो."

मावशीने मांडीवरची पर्स उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "नऊ वर्षांच्या पोरीशी," ती म्हणाली. "आणि त्या दिवशी कुणी खरं बोलायला आलं असतं, तर मी काय केलं असतं त्याचं? पकड होती म्हणाला. पकडीत दात." तिच्या ओठाचा कोपरा थरथरला, हसू की दुसरं काही, ते व्लास्ताला दिसलं नाही, कारण मावशीने रुमाल काढला. "एवढं सुचायचं कसं गं त्याला."

हाव्रानेक दाराशी खाकरला. "आमच्यात एक नियम असतो," तो म्हणाला. "जे माहीत नाही ते घडवायचं नाही. बोटं करून देतो. बोटं कशी असतात ते माहीत आहे."

मतं घेतली. बोटं करायची, हात रिकामे ठेवायचे. हात वर होत गेले, काही पटकन, काही कुरकुरत. अपोलेनामावशीचा सगळ्यात शेवटी आला, आणि तोही कोपरापर्यंतच.

बाहेर उजेड मावळत होता. माणसं घरी जायची सोडून परांचीखाली घोळका करून उभी राहिली. थंडी होती, पण कुणाचा पाय निघेना.

"पण मग आहे तरी कोण?" वेन्देलिनकाका मान वर करून म्हणाला.

"त्सेसिलिया असेल," नगराध्यक्ष बाई म्हणाल्या. "हातात वाद्य होतं, पडलं."

"वाद्य एवढ्याशा हातात मावतं होय? लुसिया असेल. हात बघा कसे धरलेत, ताटली धरल्यासारखे. लुसियाच्या ताटलीत डोळे असतात."

"ताटलीत डोळे. आणि माझ्या दाताला हसत होतात," अपोलेनामावशी म्हणाली.

व्लास्ता कोटाच्या खिशात हात घालून घोळक्याच्या कडेला उभी होती. तिला घरी जायचं होतं. ब्रनोची गाडी सकाळी सहाची होती. पण लुसिया नव्हे, हे तिला बाराव्या वर्षापासून पक्कं माहीत होतं.

"लुसिया नाही," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"ताटली धरायला दोन्ही मनगटं सारखी हवीत. याचं डावं मनगट आत वळलंय. समोरून दिसत नाही ते." ती थांबली. कुणी हललं नाही. वाट बघत होते. "इकडून दिसतं," असं म्हणून ती स्तंभाला वळसा घालून पलीकडे चालू लागली, आणि सगळे तिच्या मागोमाग निघाले.